पावसाळ्यातली पदके: गोव्याच्या ट्रेची प्रगती

मृगापासून चतुर्थीपर्यंत जुन्या पदकांचा बाजार थंड असतो, म्हणून हे महिने मी माझ्या संग्रहाच्या मांडामांडीला ठेवतो. यंदा मोठा बदल केला. आतापर्यंत पोर्तुगालची पदके एका खणात, भारताची दुसऱ्यात आणि जुन्या गोव्याच्या फेस्ताची, म्हणजे चर्चच्या उत्सवाची, धार्मिक पदके तिसऱ्यात अशी वाटणी होती. आता तिन्ही खण मोडून एकच ट्रे केला आहे, नाव 'गोवा', आणि क्रम काळाचा. देशवार मांडणी कॅटलॉग चाळायला सोयीची असते हे मान्य. पण आमच्याकडची घरे देशवार नाहीत.

हे डोक्यात आले ते फोंडा तालुक्यातल्या एका घरामुळे. तिथल्या आजींनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढ्यात ठेवला. आत दोन पदके होती. एक तांब्याचे, 'कोंपोर्तामेंतु एशेंप्लार', म्हणजे सद्वर्तनाचे. पोर्तुगालच्या लष्करी पदकांची ही मालिका राजा दों लुईशच्या काळात, १८६३ साली सुरू झाली आणि सद्वर्तनाचे पदक सोने, रुपे व तांबे अशा तीन पायऱ्यांत होते. दुसरे पदक आपल्याकडचे, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे, १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत असलेल्या सैनिक-पोलिसांना सरसकट दिलेले. पहिले सासऱ्यांचे, दुसरे दिरांचे.

"पाकल्यांनी दिलेलं नि आपल्या सरकारनं दिलेलं, दोन्ही एकाच डब्यात कशी?" मी विचारले. पाकले म्हणजे आमच्याकडे पोर्तुगीज.

"मग काय दोन डबे करायचे, बाबा? घर एकच ना!"

पदके त्यांनी विकायला काढली नव्हती आणि मीही मागितली नाहीत. दोन्ही बाजूंचे फोटो, वजन, व्यास आणि आजींनी सांगितलेली हकीकत एवढे घेऊन आलो. ट्रेमध्ये त्या जागी कार्ड आहे, पदक नाही. काही मित्रांना हे चालत नाही. मला चालते.

हकीकत लिहून घेण्यावर माझा एवढा जोर का, ते सांगतो. भारतीय सेनेच्या अधिकृत पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. फीत गेली, घर विकले, तरी माणूस पदकावर टिकतो. पोर्तुगीज पदकांवर बहुधा असे काही नसते. डब्यातून निघून ते भंगारवाल्याच्या तराजूत पडले की ते कुणाचे होते हे सांगणारा कुणीच उरत नाही. म्हणून आता प्रत्येक कार्डावर कुणाचे, कुठल्या गावचे, कुठल्या खात्यात, आणि हे सांगणारा त्याचा कोण, या ओळी सक्तीच्या केल्या आहेत. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. सुनेने सांगितलेली गोष्ट आणि विक्रेत्याने सांगितलेली गोष्ट एका मापाची नसते, आणि विक्रेत्याची गोष्ट गिऱ्हाईक पाहून दर वेळी थोडी वाढते.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक जुनी वस्तू मिळाली. विकणारा म्हणाला, "वास्को द गामाचं मेडल." एका बाजूला पोर्तुगालचा राजा कार्लुश आणि राणी अमेलिया यांचे जोडमुखवटे, दुसऱ्या बाजूला क्रूस, वर डाग देऊन (झाळून) जोडलेली कडी. खाली ५०० रैश (जुने पोर्तुगीज चलन) असे मूल्य कोरलेले. म्हणजे हे पदक नव्हे, गामाच्या सफरीच्या चारशेव्या वर्षी, १८९८ साली पाडलेले नाणे. या मालिकेत २००, ५०० आणि १००० रैशांची तीन नाणी आहेत, ९१७ शुद्धतेच्या चांदीची, वजने अनुक्रमे ५, १२.५ आणि २५ ग्रॅम. माझे कडीसकट १२.८ भरले. मग दोऱ्याला टांगून पाण्यात बुडवून तोलले. हवेतले वजन भागिले पाण्यात घटलेले वजन, की घनता मिळते. ती १०.२ च्या आसपास आली. या चांदीची सुमारे १०.३ असते आणि थोडा फरक डागाचा. तांबे-निकेल असते तर नऊच्याही खाली आली असती. या चाचणीला लागतो एक बारीक वजनकाटा आणि पाण्याचा पेला, पदक झिजत नाही. कसोटीच्या दगडावर घासणारे शेट लोक कितीही ओळखीचे असोत, त्यांच्या हाती पदक देऊ नका.

नाणे असूनही ते ट्रेमध्ये ठेवले आहे. कुणीतरी कडी लावून ते गळ्यात घातले. शिक्क्याने नसेल, पण वापराने ते पदकच झाले.

१९६१ च्या कप्प्यात मात्र खरी भर पडली. बेळगावहून 'जनरल सर्व्हिस मेडल १९४७' आले, 'गोवा १९६१' अशा पट्टीसह, म्हणजे फितीवर चढवायच्या, मोहिमेचे नाव असलेल्या धातूच्या पट्टीसह. लाल फितीवर पाच गडद हिरवे पट्टे. दर्शनी बाजूला टोक वर केलेली नंगी तलवार आणि भोवती तेजोवलय. ही तलवार शिवरायांची भवानी. पोर्तुगिजांना गोव्यातून घालवणाऱ्या सैनिकाच्या छातीवर भवानी असावी, हा योगायोग मला फार आवडतो. पदक ठरले १९४७ च्या नावाने, तेव्हा गोव्याची मोहीम कुणाच्या ध्यानीमनी असण्याचे कारण नव्हते.

आवड बाजूला ठेवून तपासणी करावी लागते. सुटी पट्टी कुठल्याही पदकावर चढवता येते आणि गोव्याची पट्टी असली की भाव वाढतो. म्हणून आधी कड वाचली. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा शिपाई, पण पलटणीचा आकडा नाही. या रेजिमेंटची पहिली पलटण डिसेंबर १९६१ मध्ये त्याच मोहिमेत दमणला लढली, तेव्हा मेळ बसू शकतो. बसू शकतो, एवढेच; कार्डावरही तसेच लिहिले आहे. सेवापुस्तिकेची प्रत किंवा घरच्यांचा शब्द मिळेपर्यंत पेन्सिलनेच.

फेस्ताच्या पदकांबद्दल थोडक्यात. सेंट फ्रान्सिस झेवियरच्या मृत्यूला चारशे वर्षे झाली त्या १९५२ च्या शवप्रदर्शनाची हलकी पदके अजून स्वस्तात मिळतात. नव्या माणसाने तिथूनच सुरुवात करावी.

आता पावसाचे दुखणे. आमच्या हवेत दमट आणि खार दोन्ही असते. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटांतून दोन-तीन पावसाळ्यांत हिरवट चिकटा सुटतो आणि तांब्याला चरत जातो. ती सगळी पाकिटे काढून पॉलिएस्टरची आणली. चिकटा शुद्ध अॅसिटोनने उतरतो, नेलपॉलिश काढायच्या बाटलीने नव्हे, कारण तिच्यात तेल आणि रंग असतो. फीत आधी सोडवून घ्यायची, मिनाकाम असेल तर हात लावायचा नाही. चांदीजवळ रबरबँड आणि वर्तमानपत्र नको, त्यांतल्या गंधकाने ती काळी पडते. सिलिका जेलच्या पुड्या रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर शेकून पुन्हा वापरतो. घरच्यांनी त्यासाठी जुना तवा वेगळा काढून दिला आहे. आणि चिंच! देवाची भांडी चिंचेने उजळतात म्हणून पदकेही उजळणारी मंडळी प्रत्येक वाड्यावर आहेत. शंभर वर्षांत चढलेला रंग पाच मिनिटांत जातो, अर्धी किंमतही त्याबरोबर. घरी गेलात की आधी हेच सांगा, भाव नंतर विचारा.

परदेशी मित्रांशी अदलाबदल करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांवरची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर धाडता येत नाही. लिस्बनहून आणायला हरकत नाही, १८९८ चे तिकडे पाठवायला आहे.

ट्रेमध्ये १८९५ ची जागा रिकामी आहे. मोझांबिकला जायच्या हुकुमावरून पोर्तुगीज नोकरीतल्या मराठा शिपायांनी बंड केले, सत्तरी तालुक्यातले दादा राणे त्यात उतरले आणि ते मोडायला राजाचा भाऊ दों आफोंसु फौज घेऊन आला. त्याच वर्षी राणी अमेलियाच्या नावाने सागरापारच्या मोहिमांचे पदक ठरले आणि भारतात आलेल्या या फौजेलाही ते मिळाले. बंड करणाऱ्यांना अर्थातच कुणी काही दिले नाही. त्यामुळे त्या कप्प्यात दोन खाचा ठेवल्या आहेत: एक अमेलियाच्या पदकासाठी, दुसरी सत्तरीतल्या एखाद्या घराच्या कार्डासाठी. वाळपई, साखळीकडे कुणाच्या घरी त्या बंडातल्या शिपायाची आठवण, कागद किंवा नुसते नाव असेल तर कळवा. पाऊस ओसरला की मी येतो.