पहिल्या अक्षराचं काम : आमची वाटचाल

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या बोळात वडिलांचं ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईचं मशीन होतं. पावत्या, लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं छापायची. पत्रिकेच्या माथ्यावरचा ‘श्री’ ते केसमधून, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीतून, मोठा खिळा (धातूचं अक्षर) निवडून लावत. तो झिजलेला असेल तर दुसरा मिळेपर्यंत पत्रिका मशीनवर चढत नसे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कॉम्प्युटर आला, आम्ही पानं जुळवायचं पेजमेकर हे सॉफ्टवेअर शिकलो आणि गल्लीतल्या इतरांसारखंच आमचंही डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं तयार करण्याचं काम, सुरू झालं. ओळख झाली ती प्रकरणाच्या पहिल्या, मोठ्या अक्षरामुळे.

औसा तालुक्यातले एक निवृत्त गुरुजी ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाच्या आठवणी वहीत लिहून घेऊन आले. पहिलाच शब्द होता ‘किल्लारीच्या’. पहिलं अक्षर तीन ओळी उंच हवं, असा त्यांचा आग्रह. ड्रॉप कॅप (पहिलं अक्षर काही ओळी उंच करण्याची सोय) दिला आणि पडद्यावर नुसती वेलांटी मोठी झाली, ‘क’ शेजारी लहानच. त्या काळच्या फॉन्टांत अक्षर तुकड्यांनी जुळायचं. डोळ्याला आधी दिसणारी ऱ्हस्व वेलांटी टाइपही आधी व्हायची. काही फॉन्टांत ‘भ’, ‘ध’, ‘श’ यांचा काना वेगळ्या कळीवर असायचा, म्हणजे अर्धा ‘भ’ मोठा आणि काना बारीक. गुरुजी म्हणाले, “मालक, आमच्या गावाचं नाव असं फोडू नका.” ‘कि’ अख्खा वेगळ्या ब्लॉकमध्ये घेतला, शेजारच्या ओळी हाताने सरकवल्या. ते पुस्तक पाहून पुढची कामं येत गेली.

युनिकोडने, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला कोड देणाऱ्या पद्धतीने, बरंच सोपं केलं. आता ‘कि’मध्ये आधी ‘क’, मग वेलांटी साठवली जाते. तरी ‘श्री’ म्हणजे आतून श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी असे चार कोड. म्हणून वर्डमध्ये आम्ही अख्खं अक्षर सिलेक्ट करतो आणि मगच इन्सर्टमधून ड्रॉप कॅप देतो. किती ओळी आणि मजकुरापासून किती अंतर, हे तिथल्या ऑप्शन्समध्ये ठरतं. वर्ड ते अक्षर वेगळ्या फ्रेममध्ये ठेवतो. लेखकाने शेवटच्या प्रुफात पहिला शब्द बदलला तर सगळं पुन्हा करावं लागतं, त्यामुळे आमच्याकडे हे काम प्रूफ संपल्यावरच. तीसेक प्रकरणांचं पुस्तक असेल तर आम्ही वर्डऐवजी लिबरऑफिस हे सॉफ्टवेअर घेतो. तिथे ड्रॉप कॅप पॅराग्राफ स्टाइलमध्येच बसतो, प्रत्येक प्रकरणाला वेगळा द्यावा लागत नाही.

खरी कसोटी शिरोरेषेची. इंग्रजी अक्षराचा माथा पहिल्या ओळीच्या माथ्याला लावला की झालं. आपल्याकडे मोठ्या अक्षराची शिरोरेषा पहिल्या ओळीच्या शिरोरेषेला भिडली पाहिजे, मग वेलांटी आणि मात्रा वर निघाल्या तरी चालतं. वर्डमध्ये फ्रेममधलं अक्षर निवडून फॉन्टच्या पोझिशनमध्ये थोडे पॉइंट वर-खाली करतो. ‘तू’, ‘कुणी’ अशा शब्दांचा उकार खालच्या ओळीत घुसतो, तिथे अक्षराचा आकार कमी करतो. अंतर जास्त ठेवलं तर शब्द तुटून दोन वाटतात. हे मला सहन होत नाही, मग गिऱ्हाईक काहीही म्हणो.

नक्षीही आमची स्वतःची आहे. बाजारात मिळणाऱ्या क्लिपआर्टच्या वेली परक्या वाटायच्या, म्हणून पैठणीच्या काठावरची आसावली ही फुलवेल आणि पदरातला मोर कोरल या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढून घेतले. अक्षर मात्र चित्र करून टाकत नाही, मजकूरच ठेवतो आणि नक्षी मागे लावतो. अक्षराचं चित्र केलं की शब्द शोधताना ‘किल्लारी’ सापडत नाही, ‘ल्लारी’ सापडते. काव्यसंग्रह, गौरवग्रंथ, स्मरणिका यांना ही नक्षी शोभते. प्रबंधात कुणी मागितली तरी आम्ही समजावून परत पाठवतो, तिथे विद्यापीठाचा नमुना चालतो.

कामाला येणाऱ्या मुलामुलींना आम्ही टाइपिंगचा वेग आधी विचारत नाही. ‘क्षितिज’ शब्द देतो आणि त्याचं पहिलं अक्षर मोठं करायला सांगतो. ‘क्षि’ अख्खा उचलला की दुसऱ्या दिवसापासून कामावर यायला सांगतो.