एकोणऐंशी अंश आणि गिरिवलम

तमिळनाडूतल्या तिरुवन्नामलैचं गिरिवलम म्हणजे अरुणाचल डोंगराला पायी प्रदक्षिणा. साधारण १४ किलोमीटर, अनवाणी, डोंगर उजव्या हाताला. पौर्णिमेची रात्र असल्याने गर्दी विचारू नका. राजगोपुरापासून निघालो तेव्हा डांबर अजून कोमट होतं आणि वाटेवरच्या आठ लिंगांपैकी पहिल्या इंद्रलिंगापुढे कापराचे ढीग जळत होते. धुराने डोळे चुरचुरत असतानाच दाजींनी खिशातून मोबाइल काढला.

तो मेसेज तुम्हालाही आला असेल: केदारनाथ, कालेश्वरम, कालहस्ती, कांची, चिदंबरम, तिरुवन्नामलै, रामेश्वरम, सगळी शिवस्थानं ७९ अंश रेखांशावर, एका सरळ रेषेत. “उपग्रह नसताना कसं जमलं सांग,” दाजी म्हणाले. माझं अर्धं आयुष्य जमीनमोजणीत गेलंय, त्यामुळे हा प्रश्न मला मुद्दामच विचारलेला असतो.

अग्निलिंग येईस्तोवर मी आकडे काढले. कालहस्ती ७९.७०, कांची ७९.७०, चिदंबरम ७९.६९. इथे खरंच दाद द्यावी लागते. पंचमहाभूतांच्या पाच शिवमंदिरांपैकी वायू, पृथ्वी आणि आकाश यांची ही तीन स्थळं जवळजवळ एका ओळंब्यात आहेत. पण अग्नीचं स्थान, जिथे आम्ही चालत होतो, ते ७९.०७ वर, म्हणजे त्या ओळीच्या पश्चिमेला साठ-सत्तर किलोमीटर. जलतत्त्वाचं तिरुवनैक्कावल तर ७८.७१, ते ७९ च्या आतच येत नाही, म्हणून पुष्कळ यादीतून ते गुपचूप गळतं. आपल्या सिरोंच्यासमोरचं, नदीपलीकडचं कालेश्वरम ७९.९१. एक अंश म्हणजे इथे शंभरावर किलोमीटर. एवढ्या रुंद पट्ट्याला रेषा म्हणायचं असेल, तर आमच्या खात्यात बांधावरून एकही भांडण झालं नसतं.

“पण केदारनाथही ७९.०७ च ना?” दाजींनी बरोबर पकडलं. हो, केदारनाथ आणि तिरुवन्नामलै दोन दशांशांपर्यंत सारखेच आहेत. मला त्यात योगायोगाहून जास्त काही दिसत नाही. अक्षांश ध्रुवाच्या उंचीवरून काढता येतो, रेखांशाचं तसं नाही. त्यासाठी दोन गावांनी एकच ग्रहण बघून आपापली वेळ ताडून पाहावी लागायची. आपल्या ज्योतिषांनी उज्जैनवरून शून्य रेखा धरली आणि कुरुक्षेत्रही तिच्यावरच मोजलं. आज ते अंशभर पूर्वेला भरतं. त्यांच्या विद्वत्तेला यात काही उणेपणा नाही, काम अवघडच होतं.

यमलिंगापाशी आलो तोवर रमणाश्रम मागे पडला होता. दाजींच्या टाचेत खडा रुतला, म्हणून कडेला टेकलो आणि गरम सुंडल (हरभऱ्याची उसळ) घेतलं. मग मी त्यांना इंग्लंडच्या आल्फ्रेड वॉटकिन्सची गोष्ट सांगितली. १९२१ साली हेरफर्डशरच्या नकाशावर त्याला जुने टेकाड, उभे दगड, चर्च एका ओळीत दिसले. त्याच्या मते त्या पुरातन व्यापाऱ्यांच्या सरळ वाटा होत्या. पृथ्वीच्या ऊर्जेची भर साठच्या दशकात पडली. पुरातत्त्ववाल्यांचं उत्तर असं की त्या देशात जुनी ठिकाणं इतकी दाट आहेत की पट्टी कुठेही ठेवा, चार-पाच सापडतातच. तमिळनाडूतल्या शिवमंदिरांची दाटी बघता इथे वेगळं काय होणार? शिवाय चालणारा माणूस सरळ जातच नाही. पाणी, सावली, मुक्काम बघून वाट वळते. अष्टलिंगंसुद्धा आठ दिशांची म्हणतात, पण ती डोंगराच्या अंगाने बसलेली आहेत, कंपासने आखलेली नाहीत.

कुबेरलिंग ओलांडल्यावर इडुक्कु पिळ्ळैयार या छोट्या गणपती मंदिराच्या चिंचोळ्या फटीतून कुशीवर सरपटत बाहेर आलो. पोट आत ओढून दाजींचा मूड गेला होता. त्यांना बरं वाटावं म्हणून मी सांगितलं, “आपलं त्र्यंबकेश्वर ७३.५३ आणि भीमाशंकर ७३.५४. बघा, दोन ज्योतिर्लिंगं.”

दाजी रस्त्यातच थांबले. “आणि खाली?” बोट नकाशावर दक्षिणेला सरकू लागलं. “चिपळूणचा परशुराम?”

“थोडा पश्चिमेला पडतो, दाजी.”

“थोडं चालतं गं,” म्हणत त्यांनी ती नवी रेषा घरच्या ग्रुपवर टाकली.