पोकळ वाजणारी लादी

शुक्रवारी रात्री गाण्याचा कार्यक्रम, शनिवारी संध्याकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी त्याच जागी आइस हॉकीचा सामना. कागदावर मध्ये २० तास दिसतात. त्यातले साडेतीन तास स्टेज उतरवणाऱ्यांचे, दोन तास बर्फावर झाकलेल्या फळ्या उचलणाऱ्यांचे, अडीच-तीन सकाळच्या सरावाचे. उरलं तेवढं बर्फाचं.

रिंक अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका मध्यम शहरातलं, संघ ईसीएचएल या व्यावसायिक हॉकी लीगमधला. सर्वांत वर एनएचएल, तिच्याखाली एएचएल आणि तिसऱ्या पायरीवर ही लीग. हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल, ७२ सामने, त्यातले ३६ घरच्या बर्फावर. मी रेफ्रिजरेशनच्या बाजूचा, म्हणजे कंप्रेसर, ब्राइन आणि बर्फ. मार्चचा शेवटचा आठवडा होता, संघ प्लेऑफच्या उंबरठ्यावर लटकलेला, त्यामुळे तिकिटं संपलेली. आमच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच की ५,००० माणसांची ऊब आत येणार.

रिंक म्हणजे २०० फूट बाय ८५ फूट काँक्रीटचा कोबा. त्याच्या पोटात दर चार इंचांवर एक अशा नळ्या, सगळ्या जोडल्या तर १५-१६ किलोमीटर भरतील. त्यातून उणे ९ अंशांच्या आसपासचं ब्राइन फिरतं, म्हणजे कॅल्शियम क्लोराइडचं पाणी. ब्राइनला थंड करतो अमोनिया, तो मशीनरूमच्या बाहेर येत नाही. कोकणात मासळीसाठी बर्फ पाडणाऱ्या कारखान्यांत हाच संसार असतो: अमोनिया, ब्राइनची टाकी, तिच्यात बुडवलेले पत्र्याचे डबे. फरक एवढाच की तिथे लादी डब्यातून सुटून यावी लागते आणि इथे तिने सात महिने खालचं सोडता कामा नये.

ही लादी ३२ मिलिमीटर जाडीची, सव्वा इंच. पाणी साधारण ४५,००० लिटर, पण एकदम ओतलेलं नाही. ऑक्टोबरात आधी पातळ फवारे, मग पांढरा रंग, मग रेघा, मग पुन्हा पाण्याचे थरावर थर. रंग कोब्यापासून ९-१० मिलिमीटरवर असतो. खेळ चालतो तो त्याच्या वरच्या २२ मिलिमीटरवर. रोज वरून तासायचं आणि तेवढंच पाणी परत द्यायचं. मार्चमध्ये दिसणारी निळी रेघ ऑक्टोबरचीच असते.

रात्री अडीचला पोहोचलो तेव्हा माल चढवायचा मागचा दरवाजा सताड उघडा होता. बाहेर पाऊस, हवा १४ अंश. आतली आर्द्रता ४० ते ४५ टक्के ठेवायची असते; मीटरवर ६८. अशी हवा बर्फावर आली की तिच्यातलं पाणी दव होऊन गोठतं आणि वर खरखरीत पापुद्रा धरतो. दरवाजा बंद करा म्हणून सांगणं व्यर्थ, ट्रक एकामागून एक लागलेले. डीह्युमिडिफायर पूर्ण ताकदीने सोडला आणि दुसरा कंप्रेसर चालू केला.

मशीनरूमच्या लॉगबुकात दाब, तापमान आणि ब्राइनमध्ये अमोनिया उतरतोय का, याच्या नोंदी असतात. कितीही घाई असली तरी मी हे पान सोडत नाही. कॅनडात फर्नी इथे २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये चिलरच्या, म्हणजे ब्राइन थंड करणाऱ्या यंत्राच्या, नळीतून अमोनिया ब्राइनमध्ये गेला आणि तीन माणसं गेली. चिलर गळतोय हे आधी कळलेलं होतं.

पावणेपाचला फळ्या उचलून झाल्या. कार्यक्रमाच्या वेळी बर्फ झाकायला आठ बाय चार फुटांच्या उष्णतारोधक फळ्या एकमेकींत अडकवून टाकतात. बर्फ खाली तसाच असतो. पण सांध्यांतून सांडलेली बिअर आणि कोला झिरपतं, कडेचं थोडं वितळतं, पुन्हा गोठतं, आणि उचलल्यावर बर्फावर चौकटींची नक्षी उमटलेली दिसते: उंचवटे आणि शेजारी खाचा. यावेळी भर पडली होती ती शेवटच्या गाण्याला उडवलेल्या सोनेरी कागदाच्या कपच्यांची. त्या प्रत्येक सांध्यात शिरलेल्या. असा कागद बर्फात राहिला तर दोन बाजूंनी त्रास: त्याच्याभोवती पाणी नीट धरत नाही, आणि दिव्यांची ऊब तो आजूबाजूच्या बर्फापेक्षा जास्त शोषतो.

झांबोनीचं, म्हणजे बर्फ तासून पाणी देणाऱ्या गाडीचं, पातं साडेसहा फुटांच्या आसपास लांब. पहिल्या कोरड्या फेरीतच ते स्टेजवाल्यांच्या एका स्क्रूवर गेलं. दाता पडला की मागे बर्फावर सरळ रेघ उठत जाते, ती पाण्याने जात नाही. जाड हातमोजे घालून पातं बदलायला वीस मिनिटं गेली.

मग जाडी मोजली. बॅटरीच्या ड्रिलला बारीक बिट, कोब्याला टेकेपर्यंत भोक, त्यात गेजची काडी. ३४ ठिकाणं ठरलेली आहेत. मधे ३० ते ३३, बोर्डांच्या, म्हणजे रिंकभोवतीच्या कठड्याच्या, कडेला ३८ (तिथे पातं पोहोचत नाही, म्हणून बर्फ चढत जातो), आणि ज्या टोकाला स्टेज होतं तिथल्या गोलसमोर २२, २१, १९. म्हणजे रंगाच्या वर जेमतेम १० मिलिमीटर, आणि तेही गोलकीपर उभा राहतो तिथे. पायाला पकड मिळावी म्हणून गोलकीपर पिरियड (सामन्याचे वीस-वीस मिनिटांचे तीन भाग) सुरू होण्याआधी स्केटने आपली जागा मुद्दाम खरवडून घेतो. बर्फाची सर्वांत वाईट झीज तिथेच.

बरोबर पद्धत माहीत होती. ६० अंशांचं गरम पाणी, एका वेळी जेमतेम अर्धा मिलिमीटर, ते पूर्ण गोठू द्यायचं, मग पुढचा थर. गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी असते आणि ते खालच्या बर्फाचं तोंड किंचित वितळवून त्यात मिसळतं. बाजारात फोडतात त्या लादीच्या मधोमध पांढरा गाभा दिसतो ना, तो या अडकलेल्या हवेचाच. पण सात मिलिमीटर चढवायचे तर चौदा-पंधरा थर, प्रत्येकाला किमान पंधरा मिनिटं, आणि दहा वाजता घरचा संघ सरावाला उतरणार.

जोडीदार म्हणाला, होजने गार पाणी सोडून एकदाच भरून टाकू. घड्याळात साडेपाच होऊन गेले होते. मी हो म्हणालो. चूक इथे झाली आणि ती माझी.

गार पाणी टाकल्याने फक्त वेळ लागला असता. खरा घोळ खाचांत होता. त्यांच्यात पात्याने पाडलेला चुरा आणि कागद तसाच बसलेला, आणि आम्ही त्यावर पाणी सोडलं. चुऱ्यात हवा असते. गार पाणी तो पुरता विरघळवत नाही. दुधावर साय धरावी तसं वर गोठतं, खालचं पाणी चुऱ्यात मुरतं, आणि मधे पोकळी राहते. रिंकवाले याला शेल आइस म्हणतात. वरून काचेसारखा गुळगुळीत दिसतो. साडेसातला पुन्हा ड्रिल मारलं तर १९ च्या जागी २६, आणि मी खूश. ड्रिल जाडी सांगतं, धरलंय की नाही ते सांगत नाही.

सांगितलं ते कानाने. सकाळच्या सरावात त्या टोकाकडे जाणारा पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, एका जागी निराळा वाजत होता, टक्कऐवजी डब्ब. सराव संपल्यावर हॉकीस्टिकच्या मागच्या टोकाने ठोकत गेलो, गवंडी बसवलेली फरशी ठोकून बघतो तसं. जिथे पोकळ वाजलं तिथे एकेक पक ठेवला. दहा मिनिटांत गोलच्या डाव्या हाताला सात पक मांडले गेले होते, ते फळ्यांच्या सांध्याच्या बरोबर रेषेत.

पाहुण्या संघाचा सराव संपून दीड वाजता बर्फ मोकळा मिळाला. पोकळ भाग फोडून काढायचा. कडेला तिरकी धार न ठेवता उभी कापायची, कारण तिरकी पातळ कड पहिल्या वळणाला उडते. चुरा झाडून, उरलेला ओल्या फडक्याने टिपून घ्यायचा. मग स्वच्छ चुरा आणि गार पाण्याचा लगदा. मुठीत दाबल्यावर पाणी गळलं नाही पाहिजे, नुसती ओल सुटली पाहिजे. तो ठोकून बसवायचा, वर गरम पाण्याचे पातळ हात. सर्वांत मोठा तुकडा दीड मीटर बाय ४० सेंटिमीटर निघाला. गोलसमोरच्या निळ्या अर्धवर्तुळात ठोकून पाहिलं, तिथे भरीव वाजलं, म्हणून ते सोडलं.

दरम्यान ब्राइन एक अंशाने खाली आणलं. हे दुपारीच करावं लागतं. कोबा जाड, त्याला बदल पोहोचायला वेळ लागतो, गर्दी आत आल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. फार खालीही नेता येत नाही. पृष्ठभाग उणे ५ च्या आसपास हवा. त्याहून बराच गार झाला की बर्फ ठिसूळ होऊन स्केटखाली कपच्या उडतात, ऊबदार राहिला की चुरा लवकर साचतो आणि पक उड्या मारतो. संघाच्या इक्विपमेंट मॅनेजरला सांगून आलो की त्या टोकाला आज मऊ लागेल. त्याने दोघा-तिघांच्या स्केटच्या पात्यांची धार उथळ करून दिली. पात्याच्या तळाला अर्धगोल खाच असते. ती खोल असली तर मऊ बर्फात पातं रुतून बसतं.

पहिला पिरियड निर्विघ्न गेला. दुसऱ्यात पावणेआठ मिनिटं उरली असताना पंचाने हात वर केला. निळ्या अर्धवर्तुळाच्या कडेला, मी भरीव म्हणून सोडलेल्या जागी, तळहाताएवढं भोक आणि त्यात चमकणारा सोनेरी कागद.

यासाठी पेनल्टी बॉक्सजवळ सामान तयार असतं: चुऱ्याची बादली, पाण्याची बाटली, एक पक आणि कार्बन डायऑक्साइडची अग्निशामक नळकांडी. पावडरवालं नळकांडं चालत नाही, बर्फाचा चिखल होईल. भोकात लगदा भरायचा, पकच्या सपाट बाजूने दाबून समतल करायचा, मग वीतभर अंतरावरून दोन-तीन सेकंदांचे झोत. नळकांड्यातून निघणारा पांढरा भुसा उणे ७८ अंशांचा असतो. सलग मारला तर आजूबाजूचा बर्फ आकसून तडकतो, आणि कर्ण्याला उघडा हात लागला तर कातडी चिकटते. चार मिनिटांत झालं. पंचाने टाच आपटून पाहिली, खेळ सुरू.

४ मिनिटं १२ सेकंद उरली असताना तीच जागा पुन्हा उखडली, आता हातभर. माझा लगदा ओला झाला होता; वरचं कवच गोठलं, पोटात पाणी राहिलं. सकाळची चूक लहान मापात पुन्हा केली.

पंचाने दोन्ही प्रशिक्षकांशी बोलून मध्यंतर तिथेच जाहीर केलं. अशा वेळी उरलेली मिनिटं मध्यंतरानंतर त्याच बाजूंनी खेळतात, मग बाजू बदलून लगेच तिसरा पिरियड. म्हणजे आम्हाला पूर्ण मध्यंतर मिळालं, पण पुढची २४ मिनिटं मशीन फिरणार नव्हतं.

यावेळी ठिगळ लावायचं नाही असं ठरवलं. ९० बाय ४० सेंटिमीटरचा चौकोन घट्ट बर्फ लागेपर्यंत खरवडला, खोली सात मिलिमीटर निघाली, म्हणजे अडीच लिटरांचा खड्डा. कागदाची शेवटची कपची नखाने काढली. तीन थरांत भरला, प्रत्येक थर कोरडा, ठोकलेला, झोत मारून दगडासारखा झाल्यावरच पुढचा. दोन झांबोनींनी बाकीचा बर्फ केला. त्या जागेवरून जाताना चालकाने पातं उचललं आणि पाणी पसरणारं फडकंही. ताज्या भरावावर ६० अंशांचं पाणी गेलं असतं तर सगळं सुटलं असतं. दोन्ही मशीन मिळून एका फेरीत साधारण ४५० लिटर पाणी देतात. सगळ्या रिंकवर पसरलं की तो थर अर्ध्या मिलिमीटरचाही होत नाही.

भराव टिकला. सामना घरच्या संघाने जिंकला असं गजरावरून कळलं. माझी नजर शेवटपर्यंत त्या चौकोनावर होती आणि स्कोअरबोर्ड माझ्या पाठीमागे.

रविवारचा सामना दुपारी ३ वाजता होता. प्रेक्षक बाहेर पडल्यावर त्या टोकाचा संपूर्ण पट्टा कोरड्या फेऱ्यांनी तासायला घेतला, एका वेळी दीड मिलिमीटर, होजने घातलेलं सगळं निघून जाईपर्यंत. चुरा मशीनमधून मागच्या वितळवायच्या खड्ड्यात जातो. त्याच्या जाळीवर सोनेरी थर साचला. साडेअकरापासून दर अर्ध्या तासाने गरम पाणी, पातळ. सकाळी साडेपाचला बारावा थर गोठला. आधी ठोकून पाहिलं, मग ड्रिल मारलं. २४.