नॉर्थम्बरलंडचा किनारा, कॅमेरा आणि बाबांचं कालनिर्णय

आमच्या रेवदंड्याला समुद्र म्हणजे सूर्यास्त. लहानपणापासून सूर्य पाण्यात बुडतानाच पाहिलाय, त्यामुळे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर फोटो काढायला जायचं ठरल्यावर सगळ्यात आधी डोक्यात बसवावं लागलं ते हे, की इथे सूर्य पाण्यातून वर येतो, आणि जूनमध्ये तो पहाटे साडेचारलाच येतो. म्हणजे उठायचं साडेतीनला. मावळतो तो रात्री पावणेदहाच्या सुमाराला, तेही जमिनीच्या बाजूला. झोप काढायची ती दुपारी, कारण दुपारचा उजेड तसाही फोटोच्या कामाचा नसतो.

नॉर्थम्बरलंड ही इंग्लंडची सगळ्यात उत्तरेकडची काउंटी, तिच्यापुढे लगेच स्कॉटलंड. मी लीड्सला राहतो, बाबा दोन महिन्यांसाठी आले होते, आणि वटपौर्णिमेच्या आठवड्यात आम्ही सहा दिवस फक्त किनारा फिरलो. मुक्काम सीहाउजेसला, एक रात्र होली आयलंडवर. बाबांनी बॅगेत कालनिर्णय आणलं होतं. ते किती कामाला येणार आहे हे निघताना मला माहीत नव्हतं.

कोकणातल्या लोकांना माहितीये, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, एकादशी असेल तर अकराची पाऊणपट सव्वाआठ. हे गणित इथे चालत नाही, वेळा वेगळ्या येतात. पण अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढ-उताराचं पाणी, हे इथेही तसंच, चंद्र तोच आहे ना. या किनाऱ्यावर फोटोचा प्लॅन हवामानाच्या अ‍ॅपवरून करू नका, भरती-ओहोटीवरून करा. ढग असले तरी फोटो मिळतो, पण पाणी चुकीच्या जागी असलं की तिथे उभंच राहता येत नाही.

पहिला दिवस शनिवार, बँबरा. नावात शेवटी जी आणि एच असले तरी उच्चार बँबरा. गावाच्या डोक्यावर काळ्या कातळावर प्रचंड किल्ला, खाली मैलभर वाळू. हा कातळ म्हणजे व्हिन सिल, लाव्हारसाचा जमिनीखालीच थिजलेला थर, साधारण २९.५ कोटी वर्षांपूर्वीचा. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा लांबचा नातेवाईकच म्हणा, फक्त वयाने खूप मोठा, आपला सुमारे ६.६ कोटींचा. बाबा कातळाला हात लावून म्हणाले, "अरे हा तर आपलाच दगड!" बँबरा, डन्स्टनबरा आणि लिंडिस्फार्न (होली आयलंडवरचा), तिन्ही किल्ले याच थरावर बसलेत, म्हणून तिन्ही लांबून एवढे उठून दिसतात.

बँबराचा पहाटेचा फोटो गावाच्या उत्तरेला स्टॅग रॉक्सवरून काढायचा, तिथे छोटं पांढरं लाइटहाउस आहे आणि खडकावर पांढऱ्या रंगात सांबर रंगवलेलं आहे, चुकायचा प्रश्नच नाही. जूनमध्ये सूर्य ईशान्येला उगवतो, म्हणजे तुमच्या डाव्या हाताला, आणि किल्ल्याची समुद्राकडची भिंत केशरी होत जाते. थंडीत हेच गणित बदलतं, सूर्य किल्ल्याच्या बाजूलाच येतो, मग सिलुएट मिळतं. आम्हाला पाणी उतरतं मिळालं, ओल्या वाळूत अख्ख्या किल्ल्याचं प्रतिबिंब. लाट मागे जाताना अर्ध्या सेकंदाचा शटर ठेवा, फेसाच्या रेघा तयार होतात. ट्रायपॉडचे पाय वाळूत रुततात, आधी जोर देऊन खाली दाबा आणि मगच फ्रेम लावा, नाहीतर लाट आली की फ्रेम हलते.

पण बँबराचा माझा सगळ्यात आवडता फोटो समुद्राचा नाहीच. किल्ल्याच्या पश्चिमेला, अगदी भिंतीखाली, क्रिकेटचं मैदान आहे. शनिवारी दुपारनंतर मॅच चालू होती, पांढरे कपडे, वर काळा कातळ, त्याच्यावर लालसर किल्ला, आणि ऊन पश्चिमेकडून थेट भिंतीवर. बाबा बाउंडरीबाहेर बाकावर बसले ते मॅच संपेपर्यंत उठलेच नाहीत, शेजारच्या आजोबांशी स्विंगवर चर्चा सुरू. मी तिथून लाँग लेन्सने बोलर रन-अपला असताना काढलेला फोटो आता घरात भिंतीवर आहे. शनिवारी तुम्ही तिथे असाल तर संध्याकाळी बीचवर जाऊ नका, मैदानावर जा.

एक सांगतो, हा किल्ला दिसतो तेवढा जुना नाही. १८९४ साली आर्मस्ट्राँग या इंजिनिअर-उद्योगपतीने तो विकत घेतला आणि बराचसा नव्याने उभा केला. आत नाही गेलात तरी चालेल. त्यापेक्षा गावातलं ग्रेस डार्लिंगचं छोटं म्युझियम बघा. ७ सप्टेंबर १८३८ ला फोर्फारशर ही आगबोट फार्न बेटांच्या खडकांवर फुटली, तेव्हा लाइटहाउसवाल्याची २२ वर्षांची ही मुलगी वडिलांबरोबर वल्ही मारत वादळात गेली आणि खडकावर अडकलेल्या नऊ जणांचा जीव वाचला. ती होडी म्युझियममध्ये ठेवलीये. बाबा तिच्यासमोर बराच वेळ उभे होते, मग म्हणाले, एवढ्याशा होडीत गेली ही पोर.

रविवारी फार्न आयलंड्स. बोटी सीहाउजेसच्या बंदरातून सुटतात, बेटावर उतरायची फी नॅशनल ट्रस्टच्या (जुन्या वास्तू आणि निसर्ग जपणारी संस्था) मेंबर नसलेल्यांना वेगळी भरावी लागते. पफिन पक्षी पाहायचे तर मे ते जुलैच्या मध्यापर्यंत जा, नंतर ते समुद्रावर निघून जातात. बोट समुद्र बघून सुटते, म्हणून पहिल्याच दिवशीचं तिकीट काढा, रद्द झालं तर हातात दिवस उरतात. इनर फार्न बेटावर उतरल्या उतरल्या आर्क्टिक टर्न पक्षी डोक्यावर येतात, पायवाटेच्या कडेलाच त्यांची घरटी असतात त्यामुळे ते चोच मारतातच, रक्त येईल इतकी. जाड टोपी घाला. बाबांनी मंकी कॅप घातली होती, बोटीतल्या सगळ्यांत सुरक्षित डोकं त्यांचंच होतं.

पफिन उडताना पकडायचा तर शटर १/२००० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका, तो पक्षी वेड्यासारखा वेगात येतो. मागे धावत बसू नका, एका बिळापाशी थोडं लांब उभे राहा, तो चोचीत चांदीसारख्या सँड-ईल मासळ्या धरून तिथेच परत येणार. बेटावर वेळ तासाभराचा मिळतो, पहिली दहा मिनिटं कॅमेरा खाली ठेवून नुसतं बघा कोण कुठून येतंय. आणि आयडर बदकांना इथले लोक कडी डक म्हणतात, सेंट कथबर्टच्या नावावरून. सातव्या शतकात हा साधू याच बेटावर राहायचा, ६८७ मध्ये इथेच वारला, आणि या पक्ष्यांना त्याने संरक्षण दिलं होतं असं सांगतात. मादी घरट्यावर इतकी निश्चल बसते की पाय पडेल, वाटेवरच चाला.

सोमवारी माझी चूक झाली. होली आयलंडला जायचा रस्ता समुद्राच्या तळातूनच जातो, दिवसातून दोनदा पाण्याखाली. सेफ क्रॉसिंगच्या वेळा काउंटी काउन्सिल छापते. मी त्या बघितल्या होत्या, पण हा रस्ता जिथून सुरू होतो त्या बीलला पोचायला अकरा वाजून गेले आणि वेळ टळून पंधरा मिनिटं झाली होती. समोर रस्ता कोरडा दिसत होता! मला वाटलं जाऊ पटकन. बाबा म्हणाले, "थांब. खाडी समोरून भरत नाही, आतून भरते." आणि खरंच, पुलापाशी जो सखल भाग आहे, जिथे खांबांवर पांढरी खोली बांधलीये अडकलेल्यांसाठी, तिथे बाजूच्या चरांतून पाणी गुपचूप चढत होतं. दहा मिनिटांत रस्ता दिसेनासा झाला. दरवर्षी इथे गाड्या अडकतात आणि लाइफबोट बोलवावी लागते. वेळ टळली असेल तर कोरडा दिसला तरी जाऊ नका, एवढं ऐकाच.

मग गाडी फिरवून क्रास्टरला गेलो आणि तो दिवस वाया नाही गेला. क्रास्टर म्हणजे मुठीएवढं बंदर, १९०६ साली तिथल्या क्रास्टर घराण्याने तिबेटच्या मोहिमेत मारल्या गेलेल्या आपल्या कॅप्टनच्या आठवणीत बांधलेलं. बंदरावर चढावर स्मोकहाउस आहे, हेरिंग मासा पाठीतून चिरून, मिठाच्या पाण्यात घालून ओकच्या भुशाच्या धुरावर सोळा सोळा तास टांगतात, तो किपर. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्याच कुळातला. वास सुक्या मासळीचाच, पण त्याच्यावर धुराचा गोडसर थर. छपरातून धूर निघतो तो सकाळी उजेडाच्या उलट बाजूने टिपा, निळा दिसतो.

धक्क्यावर एक म्हातारा कोळी शेवंडीचे पिंजरे दुरुस्त करत बसला होता. इथे सार्वजनिक जागी फोटो काढायला कायद्याने बंदी नाही, पण म्हणून माणसाच्या तोंडापुढे लेन्स नेऊ नये, आधी दोन शब्द बोलावेत. माझ्याआधी बाबाच जाऊन बसले. त्याच्या हातातली जाळं विणायची सुई बघून ते म्हणाले, आमच्याकडेही हीच. त्याला बाबांचं इंग्रजी किती कळलं आणि बाबांना त्याची बोली किती कळली देव जाणे, पण अर्धा तास दोघं गाठी दाखवत होते एकमेकांना. शेवटी मी विचारलं, फोटो काढू का, तर तो म्हणाला चेहरा नको, हातांचा काढ. निळी दोरी, मिठाने फाटलेली नखं, अंगठ्याजवळ जुना कापल्याचा व्रण आणि शेजारी बाबांचा सुरकुतलेला हात तीच दोरी ताणून धरलेला. अख्ख्या ट्रिपमधला तो एक फोटो मी कुणालाही आधी दाखवतो.

मंगळवारी पहाटे डन्स्टनबरा, एम्बल्टनच्या बाजूने. १३१३ ला बांधायला घेतलेला हा किल्ला आता नुसते बुरूज आणि आकाश. जवळ गाडी जातच नाही, क्रास्टरहून गेलात तर गवतातून दोनेक किलोमीटर चालणं, मेंढ्यांच्या मधून, ते फार सुंदर आहे. पण फोटोसाठी उत्तरेकडून, गोट्यांच्या पट्ट्यावरून. काळे गोल दगड, कलिंगडाएवढे, त्यांच्यावर शेवाळ. मी घसरलो, कोपर फुटलं आणि पोलरायझरला तडा गेला. रबरी सोलचे बूट, आणि तीन पायांपैकी दोन पाय दगडांच्या फटीत घट्ट बसवल्याशिवाय ट्रायपॉडवरचा हात काढू नका. पूर्ण भरतीला तिथे जाऊ नका, मध्यम पाण्याला जा. त्या दिवशी फ्रेट आलं होतं, म्हणजे समुद्रावरून येणारं गार धुकं, इथला खास शब्द. तासभर काही दिसलं नाही. सगळे परत गेले, आम्ही थर्मासमधला चहा पीत बसलो, आणि मग एकट्या लिलबर्न टॉवरचं टोक वर निघालं, खाली सगळं पांढरं. फ्रेटमध्ये थांबा.

बुधवारी पौर्णिमा. यावेळी भरपूर आधी होली आयलंडवर पोचलो, दुपारी रस्ता बुडाला आणि बेट एकदम बदललं. सकाळी पार्किंग फुल्ल, गर्दी, आणि दोन वाजता नुसती मेंढरं आणि वारा. जेमतेम दीडशे लोकांचं गाव. दिवसा येऊन जाणाऱ्यांना हे बेट कळतच नाही, एक रात्र राहाच, खोल्या कमी आहेत म्हणून महिनोन्महिने आधी बुक करा. ६३५ साली एडन नावाच्या साधूने इथे मठ स्थापला, ७९३ ला व्हायकिंग्सनी लुटला. कोपऱ्यावरचा छोटा किल्ला मात्र ज्याने राहण्याजोगा करून दिला तो लुटियन्स, तोच आपल्या नवी दिल्लीवाला. बंदरात जुन्या हेरिंगच्या होड्या उलट्या घालून त्यांच्या शेड केल्यात, डांबर फासलेल्या. संध्याकाळी आठनंतर त्यांच्याजवळ खाली बसून वाइड लेन्सने किल्ला घ्या, ऊन तुमच्या पाठीमागून थेट किल्ल्यावर पडतं. पौर्णिमेचा चंद्र जूनमध्ये इथे फार वर चढत नाही, दक्षिणेला पाण्याला चिकटूनच सरकत होता, आणि लांब वाळूवरून सील ओरडत होते, एखादं माणूस रडतंय असा आवाज.

परतताना न्यूबिगनला थांबलो. तिथे लाटा अडवायला घातलेल्या बांधावर २००७ पासून एक पुरुष आणि एक बाई समुद्राकडे बघत उभे आहेत, भले मोठे, रंगवलेले पुतळे. हा पट्टा कोळशाच्या खाणींचा होता, पोस्टकार्डवर येत नाही, पण माणसांचे फोटो इथेच मिळतात. कुत्रे फिरवणारे, आइस्क्रीम घेऊन थंडीत बसलेल्या आज्या. गाडी नसेल तर न्यूकॅसलहून इथून जवळच्या अ‍ॅशिंग्टनपर्यंत डिसेंबर २०२४ पासून पॅसेंजर ट्रेन परत सुरू झालीये. उत्तरेच्या भागाला एक्स१८ ही बस न्यूकॅसलहून अ‍ॅनिक, सीहाउजेस, बँबरा करत बेरिकला जाते, पण पहाटेच्या उजेडाला बस उपयोगाची नाही, त्यासाठी मुक्कामच जवळ हवा.

ड्रोन घरी ठेवा, नॅशनल ट्रस्टच्या जागेत परवानगीशिवाय उडवता येत नाही आणि जूनमध्ये पक्षी अंड्यांवर असतात. लेन्सवर खारं पाणी उडतंच, कोरड्या फडक्याने घासू नका, आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने टिपा. रोज रात्री ट्रायपॉडचे पाय सुटे करून नळाखाली धुवा, माझे एक रात्र तसेच राहिले तर सकाळी स्क्रू फिरेना. आणि जायच्या तारखा ठरवताना काउन्सिलच्या वेळापत्रकाशेजारी कालनिर्णय उघडून ठेवा. बेटावर पहाट एकट्याने हवी असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्या गाठा, तेव्हा रस्ता पहाटे पाण्याखाली असतो आणि साडेचारला त्या बंदरात तुमच्याशिवाय कुणी येऊ शकत नाही.