शाकंभरी पौर्णिमेची भरती

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी मागच्या ॲक्सलचा बोल्ट सैल केला आणि खाली धरलेल्या डब्यात तेल पडायला लागलं. तेल कसलं, ताकच ते. पांढरट आणि फेसाळ. मिस्त्रींनी ते दोन बोटांत चोळलं, बोटं नाकाशी नेली आणि विचारलं, "समुद्रात घातली हुती काय गाडी?"

मी हो म्हणालो. मग त्यांनी मला इस्कटून सांगितलं. वाळूतनं गाडी पळवली की ॲक्सल तापतो. तसा तापलेला ॲक्सल गार पाण्यात बुडाला की आतली हवा आक्रसते आणि वरच्या ब्रीदरमधनं, म्हणजे हवा ये-जा करायच्या छिद्रातनं, पाणी आत ओढलं जातं. ब्रेकच्या ड्रममधनं मूठभर वाळू निघाली. वायरिंगच्या जोडांवर तीनच दिवसांत हिरवट बुरा धरला होता. खाऱ्या पाण्यात गेलेली गाडी त्याच दिवशी गोड्या पाण्यानं खालून धुवायची असते, हे मला त्या दिवशी कळलं.

गाडीची दुरुस्ती झाली. पण त्या सकाळबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात आहे, आणि कारण गाडी नाही.

आम्हा कोल्हापूरकरांना चिखल कळतो. पावसाळ्यात उसाच्या फडातनं गाडी काढणं, गगनबावड्याकडच्या लाल चिकट वाटा, ओढ्यातले गुळगुळीत दगड, यात आम्ही वाढलो. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांनी ओढणारी गाडी, घेतल्यापासून चार पावसाळे मी दर रविवारी कुठं ना कुठं गाडी घालत आलो. त्यातनं एक भरवसा तयार होतो: चाक फिरत राहिलं की गाडी निघते. चिखलात ते बऱ्याचदा खरंही असतं, कारण चाक गरगरलं की टायरच्या खाचांतला चिखल उडून जातो आणि खाली कुठंतरी घट्ट जमीन लागते. वाळूला तशी जमीनच नसते. तिथं फिरणारं चाक फक्त खड्डा खणतं.

जानेवारीतली शाकंभरी पौर्णिमा सुट्टीला जोडून आली होती. मी, दाजी आणि माझा चौदा वर्षांचा भाचा, असे तिघं पहाटे तीनला निघालो. आणखी एक दोस्त त्याची गाडी घेऊन येणार होता, आदल्या रात्री त्याचं रद्द झालं. खरं तर तिथंच बेत मोडायला हवा होता. एकट्या गाडीनं वाळूत उतरायचं नाही, हा या छंदातला पहिला धडा. मी तो दुसऱ्यांना सांगत आलो होतो.

भोगावती, राधानगरी, दाजीपूर असा रस्ता धरला. थंडी मजबूत होती. दाजीपूरच्या जंगलात दोन गवे रस्त्याच्या कडेला उभे होते. हेडलाईट बारीक करून आम्ही थांबलो, ते त्यांच्या सवडीनं उतारावर गेले आणि भाचा पुढची दहा मिनिटं एक शब्द बोलला नाही. फोंडा घाट अंधारातच उतरलो. खाली हवा एकदम कोमट आणि ओलसर लागली, काचेवर दव धरलं. नांदगाव तिठ्यावर चहा घेतला आणि देवगडच्या वाटेला लागलो. पावणेसातला सुरूच्या बनातनं समुद्र दिसला.

किनाऱ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हे वाचून तिथं आणखी चार गाड्या जायला नकोत. मनाईचा फलक त्या वाटेवर नव्हता, आणि फलक नाही म्हणजे परवानगी आहे, असं मी स्वतःला पटवून दिलं. आपल्याकडं बऱ्याच किनाऱ्यांवर गाडी न्यायला बंदी आहे आणि पोलीस गुन्हे दाखल करतात. गोव्यात तर तो सरळ कायद्यानं गुन्हा आहे. केरळात कन्नूरजवळ मुळप्पिलंगाडचा किनारा गाड्यांसाठी मोकळा आहे, चार किलोमीटरच्या आसपास घट्ट वाळू. मी डोळ्यासमोर तो आणला होता आणि गाडी घातली दुसरीकडंच.

टायरमधली हवा ३२ वरनं १८ वर आणली. हवा कमी केली की टायर लांबट पसरतो, गाडीचं वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि वाळू कमी दबते. उंटाचा तळवा आठवा. वरच्या कोरड्या पुळणीत गाडी जड झाली, स्टीअरिंग सैल, होडीच्या सुकाणूसारखं. थोडं खाली उतरून ओल्या वाळूवर आलो आणि सगळा आवाज बंद झाला.

ते सुख खोटं नव्हतं. रस्ता नाही, कठडा नाही, खड्डा नाही, समोरून कुणी येत नाही. डावीकडं सुरूची काळी रांग, उजवीकडं पांढऱ्या लाटा, आणि मधली ओली वाळू आरशासारखी, तिच्यात मावळतीला गेलेला पूर्ण चंद्र. ताशी चाळीसच्या पुढं गेलो नसेन, पण खाली काही लागतच नसल्यानं उडत असल्यासारखं वाटत होतं. भाच्यानं काच खाली घेऊन हात बाहेर काढला. "मामा, अजून एकदा!" असं तो तीनदा म्हणाला आणि तीनदा मी वळवून परत आलो. पोटात गोळा येतो आणि त्याच वेळी हसू फुटतं, जत्रेतल्या पाळण्यात येतं तसं. आजही ते आठवलं की अंगावर काटा येतो. ज्यानं हे केलंय त्याला "त्यात काय एवढं" असं सांगून उपयोग नसतो, म्हणून आधी हे लिहिलं.

चौथ्या वेळी वळण मोठं घ्यावं म्हणून पाण्याच्या आणखी जवळ गेलो. वाळूवर बारीक लहरी होत्या आणि त्यांच्या खोबणीत पाणी पाझरत होतं. ओली वाळू घट्ट असते ती दोन कणांमधल्या पाण्याच्या पातळ पापुद्र्यामुळं, तोच त्यांना बांधून ठेवतो. पण सगळ्या फटी पाण्यानं भरल्या की तो बांध सुटतो, कण पाण्यात तरंगायला लागतात. वरून बघताना दोन्ही वाळू सारख्याच दिसतात. पुढचं डावं चाक बसलं. मी चिखलातल्या सवयीनं ॲक्सिलरेटर दाबला आणि पाच सेकंदांत चारही चाकं ॲक्सलपर्यंत गेली. गाडी पोटावर टेकली.

"पाव्हणं, बंद करा, बंद करा," दाजी ओरडले. तोवर उशीर झाला होता.

घड्याळात पावणेआठ वाजले होते. जॅक लावला, जॅकच खाली गेला. त्याच्याखाली द्यायला फळी आणलेली नव्हती. आम्ही तिघं हातांनी चाकापुढची वाळू उपसत होतो आणि उपसलेल्या जागी पाणी भरत होतं. एक लाट आली, मागच्या चाकाला चाटून गेली आणि परतताना चाकाखालची वाळू घेऊन गेली. गाडी त्या बाजूला थोडी कलली. दुसऱ्या लाटेनं थोडी आणखी. समुद्र गाडीला बुडवायला येत नाही, तो तिच्याखालची जमीन काढून घेतो.

"मामा, पाणी जवळ आलंय," भाचा म्हणाला. आवाज लहान झाला होता. त्याला मी वर सुरूच्या बनाशी पाठवलं आणि कुणी दिसतंय का बघ म्हणालो.

तो दहा-बारा जणांना घेऊन आला. पलीकडं रापण, म्हणजे किनाऱ्यावरनं ओढायचं मोठं जाळं, ओढायची तयारी चालली होती, ते रापणकर. पुढं साठीचे एक काका, कमरेला पंचा. त्यांनी गाडीकडं बघितलं नाही, पाण्याकडं बघितलं आणि म्हणाले, "आज पुनव. पाण्याची येळ बघलात?"

आमच्या घरी भिंतीवर कॅलेंडर आहे. त्यात पौर्णिमा बघूनच जोतिबाला जायचं ठरतं, उपास ठरतात. त्याच चौकटीत समुद्राचं घड्याळ असतं हे कोल्हापुरात कुणी कशाला सांगेल? काकांनी नंतर हिशोब सांगितला: तिथीची पाऊणपट करायची. पौर्णिमा म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सव्वाअकराच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. रोज पाऊण-एक तास पुढं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खाली उतरतं. आम्ही आलो तेव्हा ते खूप खाली गेलेलं होतं, म्हणून किनारा एवढा रुंद दिसला. त्या रुंदीलाच मी भुललो. ओहोटी पाचलाच संपून पाणी फिरलं होतं. आणि भरती सारख्या वेगानं येत नाही, सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत जवळपास निम्मं पाणी चढतं. ते दोन तास नुकतेच सुरू झाले होते.

कुणी धावत जाऊन माडाची झावळं आणली. चुडतां म्हणतात ते तिथं. चाकांपुढची वाळू उतार करून उपसली, झावळं आडवी-उभी दाबून घातली. रापणीचा जाड दोर पुढच्या हुकाला बांधला. त्याआधी मी दोर ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला बांधू का विचारत होतो, काकांनी नको म्हटलं. मिस्त्रींनी नंतर सांगितलं की तो गोळा तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो, ओढायला फक्त चासीला पक्का बसवलेला हुकच वापरायचा. काकांना हे कुठल्या पुस्तकातनं कळलं नव्हतं, पण ताणलेला दोर त्यांनी आयुष्यभर हाताळलेला. ते भाच्याकडं बोट दाखवून म्हणाले, "पोराक दोरयेपासून लांब करा." मग एका सुरात आवाज दिला. मी पहिल्या लहान गियरला, पाय अगदी हलका. तीन ओढींत गाडी हलली नाही. चौथ्या वेळी मागून लाट आली, गाडी थोडी हलकी झाली, नेमकं त्याच क्षणी त्यांनी ओढली आणि चाक झावळांवर चढलं. जाळं ओढतात तशी त्यांनी ती पुळणीपर्यंत ओढत नेली. साडेनऊला आमच्या खड्ड्यांच्या जागी गुडघाभर पाणी होतं.

पैसे घेतले नाहीत. दाजींनी दोनदा पुढं केले, दोनदा हात मागं सारला. त्यांची रापण आमच्यापायी तासभर लांबली होती.

मग काका आम्हाला घेऊन पुळणीवर थोडं मागं चालत गेले. तिथं माझ्या टायरचे ठसे होते, पहिल्यांदा उतरलो तेव्हाचे. त्यांना छेदून पाण्याकडून वर गेलेला आणखी एक पट्टा होता, दोन-अडीच फूट रुंद, दोन्ही बाजूंना तिरक्या खाचा. येताना मी तो पाहिला होता. होड्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा असेल, म्हणजे इथं गाड्या येतात, असं समजून धीरच आला होता.

"ह्यो ट्रॅक्टर न्हय," काका म्हणाले. "राती कासवीण चढान गेली."

ऑलिव्ह रिडले. ओडिशात त्या हजारोंनी एकदम येतात. आपल्या कोकणात एकेकटी येते, रात्री, साधारण नोव्हेंबर ते मार्च. वाळूत दीड फुटाचा खड्डा करून शंभरच्या आसपास अंडी घालते, झाकते आणि निघून जाते, पुन्हा बघायलाही येत नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यात ती पहिल्या परिशिष्टात आहे, वाघाच्या यादीत.

गावातला कासवमित्र आला. बारीक काठीनं वाळू चाचपत गेला, एका जागी काठी सहज आत शिरली. तिथं तो पालथा झोपला आणि हातानं उकरायला लागला, कोपरापर्यंत हात आत. पहिलं अंडं बाहेर आलं, पांढरं, पिंगपाँगच्या चेंडूएवढं, कवच कडक नाही, चामड्यासारखं मऊ. भाचा मोजत होता. एकशे बारा. ती सगळी बादलीत खालची वाळू घालून जाळीच्या कुंपणात नेली, तिथं तेवढ्याच खोलीवर पुरली.

त्या खड्ड्यापासून माझ्या टायरचा ठसा दीड हातावर होता. मी पावलांनी मोजलं नाही, हातानं मोजलं.

परतीच्या वाटेवर कुणी फार बोललं नाही. गाडीत ओल्या वाळूचा आणि खाऱ्या पाण्याचा वास भरला होता. राधानगरीला जेवायला थांबलो तेव्हा भाच्यानं विचारलं, "मामा, अंड्यांवरनं गाडी गेली असती तर त्यांना कळलं असतं काय?" मला उत्तर देता आलं नाही. दाजी म्हणाले, "जेव आधी."

मी गाडी विकलेली नाही. या पावसाळ्यातही दोस्तांच्या शेतात आम्ही चिखलात खेळलो, शेत आपल्यातलंच, नुकसानही आपल्यातलंच. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर मात्र आता गाडी घालत नाही. तिथं जांभ्यावर मातीचा पापुद्रा बोटभर असतो, त्यात पावसाळी फुलं येतात, आणि चाकानं पाडलेली चर वर्षानुवर्षं तशीच राहते. आधी हे डोळ्याला दिसायचंच नाही. माझ्या गाडीत आता दोन फळ्या, फावडं, पक्का पट्टा असतो. आणि वाळूत गाडी घातल्याचा फोटो कुणी पाठवला की मी त्याला फोन करतो. मेसेज नाही, फोन.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात कासवमित्राचा निरोप आला. अंडी उबायला पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात, आमची बावन्नाव्या दिवशी फुटायला लागली होती. गाडी गावात लावून चालत गेलो. सकाळी सातच्या उन्हात टोपलीतनं पिल्लं वाळूवर सोडली. करड्या-काळ्या रंगाची, तळहातावर दोन मावतील एवढी. सोडतात ती पाण्यापासून थोडी लांब, म्हणजे ती स्वतः चालत जातात. एक पिल्लू कुणाच्या तरी पावलाच्या ठशात पडलं. टाचेचा खड्डा, दोन इंचांचा. ते त्याच्या भिंतीवर चढायचं आणि घसरायचं. टायरच्या चरीत पडलं असतं तर चढायला जागाच नाही, चरीचरीनंच चालत राहिलं असतं, पाण्याला समांतर, ऊन चढेपर्यंत किंवा कावळ्याला दिसेपर्यंत.

पिल्लाला उचलायचं नाही, असं कासवमित्रानं आधीच बजावलं होतं. भाचा गुडघ्यांवर बसला, ठशाची कड तळव्यानं हळूच मोडून उतार केला आणि हात मागं घेतला. पिल्लू वर आलं, क्षणभर थांबलं, आणि लाटेकडं निघालं. त्याच्यापुढं पाण्यापर्यंत आमच्याच पावलांचे आणखी पंधरा-वीस ठसे होते. भाचा तसाच गुडघ्यांवर सरकत एकेक ठसा सपाट करत पुढं गेला.