टाकीच्या तळाची जाळी

घरच्या ग्रुपवर फोटो टाकला तेव्हा सगळ्यांनी एकच विचारलं : गाडीचा मागचा भाग वर का उचललाय, आणि तुझ्या हाताला कोपरापर्यंत काय लागलंय? फोनवर सांगताना अर्धवट राहिलं, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

इकडे आल्यावर घेतलेली ही माझी पहिली गाडी. 1980 च्या दशकातली, पाच सिलिंडरची, डिझेलवर चालणारी. आधीच्या मालकाकडे ती दोनेक वर्षं उघड्यावर उभी होती, हे घेताना माहीत होतं. त्याचा अर्थ मात्र नंतर कळला.

दुखणं असं की घरून निघताना गाडी झकास. तीस-चाळीस किलोमीटर झाले, चढ लागला, की पिकअप जायचा. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी चालायची, शेवटी धक्के खात बंद पडायची. बाजूला घेऊन दहा मिनिटं थांबलं, की पुन्हा पहिल्यासारखी धावायला तयार. बाबा फोनवर म्हणाले, ‘‘डिझेलच्या नळीत एअर धरली असेल. नळ्यांचे जोड तपास.’’ जोड कोरडे होते. इकडच्या ओळखीच्यांनी थंडीला दोष दिला. कडक थंडीत डिझेलमधलं मेण गोठतं आणि फिल्टर चोंदतो, हे खरंच आहे. फिल्टर बदलला. आठ दिवस बरे गेले. मग बर्फ वितळला, ऊन पडायला लागलं, आणि त्या उन्हात गाडी पुन्हा चढावर थांबली. थंडीचा संशय तिथेच मिटला.

शेजारी एक निवृत्त मेकॅनिक काका राहतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘‘थांबल्यावर बरी होते ना? मग इंजिनाकडे बघू नका, टाकीकडे बघा.’’

टाकीतून डिझेल जिथून बाहेर पडतं तिथे आतल्या बाजूला एक बारीक जाळी असते. पंप ओढायला लागला की तळाचा गाळ त्या ओढीने जाळीवर येऊन चिकटतो. चढावर इंजिनाला जास्त डिझेल लागतं, ओढ वाढते, जाळी बंद होते. इंजिन थांबलं की ओढ संपते, गाळ सुटून खाली बसतो आणि वाट मोकळी होते. दहा मिनिटांच्या विश्रांतीने गाडी बरी व्हायची ती यामुळे.

तरीही काकांनी खात्री केल्याशिवाय पान्याला हात लावू दिला नाही. आधी टाकीचं झाकण सैल ठेवून गाडी चालवायला लावली. टाकीत हवा जाण्याची वाट बंद झाली असेल तर आत पोकळी होऊन असाच त्रास होतो. फरक पडला नाही. मग पंपाकडे येणारी नळी सोडवून स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये घातली आणि उभ्या गाडीचं इंजिन बराच वेळ जोरात चालवलं. एकदाही अडखळलं नाही. म्हणजे खोट टाकी आणि पंप यांच्या मध्येच होती.

माझ्या गाडीच्या टाकीला वेगळा ड्रेन प्लग नाही. जाळी ज्या नटला जोडलेली आहे तोच टाकीच्या बुडाला, 46 मिलिमीटरचा. तो काढला की आत असेल नसेल ते सगळं खाली येणार, म्हणून टाकी जवळपास संपेपर्यंत गाडी चालवली. गाडी सपाट जागेवर उघड्यावर घेतली, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, मागचा भाग जॅकने उचलून स्टँडवर ठेवला. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, हे काकांनी दोनदा बजावलं. उरलेलं डिझेल हातपंपाने कॅनमध्ये काढलं. नळी तोंडात धरून ओढायची सवय अनेकांना असते. ते छातीत गेलं तर फुप्फुसं सुजतात, जीवही जाऊ शकतो. कृपा करून करू नका.

आणि गाडी पेट्रोलची असेल तर हे वाचून घरी करायला जाऊ नका. डिझेलची पेट घेण्याइतकी वाफ साधारण 55 अंशांच्या पुढे तयार होते, पेट्रोलची उणे 40 च्या आसपासही. ती वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरत जाते. लांबचं एखादं बटण किंवा गरम दिवा तिला पुरतो.

नट रात्रभर गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवला होता, तरी लांब दांडा लावून दोघांनी जोर दिल्यावर हलला. शेवटचे आटे हाताने फिरवले आणि उरलेलं डिझेल हातमोज्याच्या आत शिरून कोपरापर्यंत आलं. फोटो त्या वेळचा. जाळी हातात आली तेव्हा ती जाळी आहे हे ओळखू येत नव्हतं. काळा, बुळबुळीत थर, बोटाने ओढला तर सायीसारखा अखंड निघणारा. मला वाटलं होतं गंज असेल. काकांनी तळाचं डिझेल काचेच्या बरणीत भरून खिडकीत ठेवलं. तासाभराने खाली बोटभर पाणी, वर पिवळसर डिझेल, आणि दोन्हींच्या बरोबर सीमेवर तोच काळा थर. तो जिवंत असतो! बुरशी आणि जिवाणू पाण्यात राहतात आणि डिझेल खातात. अर्धी रिकामी टाकी दोन वर्षं उघड्यावर, रात्रीच्या गारव्याने आत पाणी सुटत राहिलेलं. त्यांना आणखी काय हवं होतं?

जाळी स्वच्छ डिझेलमध्ये मऊ ब्रशने धुतली. कुठे फाटली नव्हती. टाकीत दोन-दोन लिटर डिझेल ओतून, गाडी हलवून, खालून वाहू दिलं. तिसऱ्या वेळी ते स्वच्छ आलं. नटची सीलची रिंग नवीन घातली. डिझेलचे दोन्ही फिल्टर, पंपाआधीचा छोटा आणि मोठा, बदलले, बुरशी मारणारं औषध बाटलीवरच्या मापाने टाकलं आणि टाकी काठोकाठ भरली. मग नळ्यांत शिरलेली एअर काढायची. इंजिनाजवळचा छोटा हातपंप दाबत राहिले, बुडबुडे थांबले, दांडा हाताला घट्ट लागायला लागला, आणि दुसऱ्या किल्लीला गाडी सुरू झाली. बाबा व्हिडिओ कॉलवर हे सगळं बघत होते. त्यांनी इंजिनाचा आवाज जवळून ऐकवायला सांगितला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

बरणीतलं आणि टाकीतलं घाण डिझेल आम्ही घातक कचरा घेणाऱ्या केंद्रात नेऊन दिलं. त्यानंतर त्याच चढावरून चारदा गेले, एकदाही थांबावं लागलं नाही. पंपाआधीचा छोटा फिल्टर पारदर्शक आहे. त्यात अजून काळे कण दिसतात, कारण औषधाने मेलेला थर सुटून येतोय. म्हणून तसला एक नवा फिल्टर, एक स्क्रूड्रायव्हर आणि हातमोजे डिकीत ठेवलेत. दर रविवारी बॉनेट उघडून बघते.