वैनगंगेच्या पाण्यावर भाड्याची बोट: आमची वाटचाल

आम्ही बोट भाड्यानं देतो म्हटलं की समोरचा आधी विचारतो, "कुठं? नागपूर जिल्ह्यात?" समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर लांब आहे, खरं आहे. पण गोसीखुर्द धरणाचं पाणी फुगून कुही तालुक्यात शिरलं तेव्हापासून आमच्या दारात जे पाणी आहे, त्याचा पलीकडचा काठ धुक्याच्या सकाळी दिसत नाही. जुना नाला जिथं वैनगंगेला मिळायचा, तिथं आता पाण्याचा एक मोठा कोपरा तयार झाला आहे. तीन बाजूंनी टेकाडं, चौथ्या बाजूला मोकळं पाणी. आमचा धंदा त्या तीन बाजूंच्या आतला. चौथ्या बाजूला गिऱ्हाइकानं एकट्यानं बोट न्यायची नाही. सगळी भांडणं या एका नियमावरून होतात.

हे पाणी आम्ही मागितलं नव्हतं. १९८८ च्या एप्रिलमध्ये राजीव गांधींच्या हातून धरणाची पायाभरणी झाली, २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, आणि पाणी टप्प्याटप्प्यानं चढत गेलं. धानाच्या बांध्या गेल्या, मिरचीचं वावर गेलं, गाव उठून नव्या गावठाणात आलं. आम्ही ढिवर, त्यामुळे जाळं आणि डोंगा तेवढा सोबत आला. बाबांनी आयुष्यभर नदीत मासोळी धरली होती, पण तलावाचं पाणी त्यांना नवीन होतं. नदी एका दिशेनं ओढते, हे पाणी कुठूनही ढकलते, असं ते म्हणायचे.

आमच्याच तालुक्यातल्या अंभोऱ्याला चैतन्येश्वराच्या दर्शनाला माणसं पूर्वीपासून येतात. महाशिवरात्रीला तर विचारूच नका. नंतर वैनगंगेवर तो केबलवरचा मोठा पूल झाला आणि रविवारी नागपूरच्या गाड्यांची रांग लागायला लागली. पण त्याच्याही आधीपासून पोट्टे बाबांच्या मागं लागायचे, "काका, डोंग्यातून एक चक्कर मारून द्या ना, पैसे घ्या." बाबा कोणाला बसवत नसत. "डोंगा मासोळीसाठी हाये, मानसांसाठी नाही," एवढंच बोलायचे.

मी तेव्हा बुटीबोरीला कारखान्यात होतो. २०१७ च्या जुलैत नागपूरजवळ वेणा जलाशयात तरुणांनी भरलेली बोट बुडाली आणि आठ जण गेले. मोबाईलवर चित्रण सुरू होतं, ते सगळ्यांनी पाहिलं. मी ते घरी पाहिलं तेव्हा बाबा बाजूलाच बसले होते. ते म्हणाले, "लोकं बोटीत बसल्याशिवाय राहणार नाहीत. कोनी तरी नीट बसवलं पाहिजे." धंद्याची कल्पना कोणाची असं कोणी विचारलं तर मी बाबांचं नाव सांगतो, ते या वाक्यामुळं.

नीट बसवायचं म्हणजे काय, हे शिकायला मी आणि माझा भाचा गोव्याला गेलो. तिथं राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. जीव वाचवण्याचं आणि इंजिनाची बोट चालवण्याचं प्रशिक्षण तिथं मिळतं. पोहायला आम्हाला कोणी शिकवावं अशी गरज नव्हती, असं वाटत होतं. पण बुडणाऱ्या माणसाला समोरून धरायचं नाही, आधी काहीतरी तरंगतं त्याच्या हातात द्यायचं, आणि स्वतः पाण्यात उतरायचं ते सगळ्यात शेवटी, हे आमच्या रक्तात नव्हतं. आमच्याकडं कोणी बुडताना दिसलं की जो तो उडीच घेतो. एकाच्या जागी दोघं जातात ते असेच.

समुद्राची खाडी आणि उपसागर पहिल्यांदा जवळून पाहिला तो तिथंच. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोजची वेळ साधारण पाऊण तासानं पुढं सरकते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढ-उतार कमी. तिथला बोटवाला सकाळी उठून आधी हे पाहतो आणि मग गिऱ्हाइकाला वेळ देतो. ओहोटीला परतायला उशीर झाला तर बोट चिखलात बसते आणि पुढच्या पाण्याची वाट पाहावी लागते. मला त्यांचा हेवा वाटला. कारण समुद्राचं वेळापत्रक छापून मिळतं. आमच्याकडं पातळी कधी वर जाईल ते वरच्या धरणांच्या दरवाजांवर ठरतं.

परत आल्यावर कर्जासाठी फिरलो. एका बँकेतल्या साहेबांनी फाईल न उघडताच विचारलं, "बोट? इथं?" दुसऱ्या ठिकाणी मुद्रा योजनेत 'किशोर' गटातून कर्ज झालं, थोडे मोबदल्यातले पैसे उरले होते ते घातले. परवानग्यांची कथा लांबड लावण्यासारखी नाही. जलाशय जलसंपदा खात्याचा, बोटींची तपासणी आणि नोंदणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडं. समुद्र नसलेल्या जिल्ह्यात सागरी मंडळाचे कागद घेऊन फिरताना लोक हसायचे. २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा आला, त्यानं १९१७ चा जुना कायदा गेला, तेव्हा कागद पुन्हा नव्यानं पाहावे लागले.

२०१९ च्या हिवाळ्यात पहिल्या दोन फायबरच्या बोटी ट्रकवरून उतरल्या. वल्ह्यांच्या, चौघांच्या. विकणाऱ्यानं सांगितलं होतं की दोन थरांच्या मध्ये फोम भरला आहे, पाणी भरलं तरी बुडत नाही. बाबांनी बादली मागवली. कमरेएवढ्या पाण्यात बोट उभी केली आणि भाच्याला म्हणाले, भर. काठोकाठ पाणी भरेपर्यंत भाचा ओतत राहिला, मग दोघंही आत बसले. बोटीच्या कडा पाण्याला टेकल्या, पण ती खाली गेली नाही. बाबा आत बसूनच एका बाजूला झुकले आणि क्षणात दोघंही पाण्यात. वर येऊन तोंड पुसत म्हणाले, "डुबत नाही, पण उलटते." आजही गिऱ्हाइकाला आमचं पहिलं वाक्य तेच असतं. बोट उलटली तर काठाकडं पोहत निघू नका, बोटीलाच धरून राहा, जॅकेटला शिट्टी आहे ती वाजवा. काठ दिसतो तेवढा जवळ नसतो.

लाईफ जॅकेटचं काम माझ्या बायकोकडं. लोक तिला वहिनी म्हणतात आणि तिच्याशी वाद घालून थकतात. जॅकेट चढवून पट्टे लावले की ती माणसाला समोर उभं करते, दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर ओढते. ते हनुवटीच्या वर सरकलं तर पट्टे पुन्हा आवळायचे. लहान मुलांच्या जॅकेटला पायांमधून घ्यायचा पट्टा असतो, तो नसेल तर पोरगं खालून सुटतं आणि जॅकेट वर तरंगत राहतं. मोठ्याचं जॅकेट लहान पोराला घालून "चालते ना वहिनी, पाचच मिनिटं" म्हणणारा बाप दर रविवारी एक तरी भेटतोच. त्याला पैसे परत मिळतात. जॅकेटवर बसायचंही नाही. फोम दबला की तरंगण्याची ताकद जाते आणि बाहेरून काही कळत नाही.

फोटो बसून काढा, हेही ती सांगते. उभ्या माणसाचं वजन उंचावर जातं, त्यात सगळेच एका बाजूला सरकले की चौघांची बोटही उलटते, मग पाणी कितीही शांत असो.

आता पाण्याखालचं. आमचं जुनं गाव त्या कोपऱ्यातच आहे. पातळी खाली गेली की विजेचे खांब, चिंचेची खुंटं, विहिरीची कड आणि कोणाकोणाच्या घराचे ओटे वर येतात. पातळी भरली की ते सगळं हातभर पाण्याखाली जातं आणि तेव्हाच जास्त धोक्याचं असतं, कारण दिसत नाही. बाबांना प्रत्येक घराची जागा पाठ. पहिल्या वर्षी ते पुढच्या टोकाला बसले, हातातल्या बांबूनं टोचत गेले आणि सांगत गेले: "हे पाटलाचं जोतं, इथून डावीकडं घे, इथं नळ होता." जिथं जिथं बांबू टेकला तिथं तेलाचे रिकामे डबे नारिंगी रंगवून दगडाला बांधून सोडले. पातळी बदलली की दोऱ्याची लांबी बदलावी लागते, त्यामुळं हे काम संपत नाही. शहरातून आलेल्यांना हे डबे कचरा वाटतात. एका साहेबांनी तर दोन उचलून काठावर आणून ठेवले, स्वच्छता म्हणून!

खरा कचरा इकॉर्निया, म्हणजे जलपर्णी. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत येतं, त्यावर ही वनस्पती पोसते. वारा फिरला की रात्रीतून अख्खा हिरवा गालिचा आमच्या कोपऱ्यात येऊन बसतो. वल्हं त्यात अडकतं, इंजिनाचा पंखा तर गुंडाळूनच जातो. त्या दिवशी धंदा बंद ठेवून आम्ही विळे घेऊन उतरतो.

वाऱ्याचं मात्र स्वतंत्र सांगायला हवं. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वावधान, म्हणजे वादळी वारा, सुटतं. कोपऱ्यात टेकाडांच्या आडोशाला पाणी तुळतुळीत असतं, गिऱ्हाइकाला काही जाणवत नाही, पण मोकळ्या पाण्यावर वारा कित्येक किलोमीटर धावत येतो आणि आखूड, उभ्या लाटा उठवतो. वारा ताशी २० किलोमीटरच्या आसपास गेला की लाटांची टोकं पांढरी फुटतात. ते पांढरं दिसलं की आम्ही लाल झेंडा वर करतो आणि सगळ्या बोटी बोलावतो, कोणाचा अर्धा तास उरलेला असो की पाऊण. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर बोट देतच नाही. तसंही आमच्याकडच्या मे महिन्यात दहानंतर पाण्यावर जाणारा माणूस शहाणा नसतो.

इंजिनाची बोट एकच, ती भाड्यानं नाही. मोठं पाणी पाहायचं असेल तर भाचा स्वतः नेतो. बंद करण्याच्या बटनाची दोरी त्याच्या मनगटाला बांधलेली असते, तो पाण्यात पडला तर इंजिन आपोआप थांबतं, पंखा फिरत राहत नाही. एरवी ती बोट सुटकेसाठी उभी. ती बंद, तर सगळंच बंद. मागं ऐन नाताळच्या सुट्टीत शिळ्या पेट्रोलनं कार्बोरेटर चोंदला. काठावर पन्नासेक माणसं आणि आम्ही हात जोडून परत पाठवतोय. एक जण म्हणाला, "वल्ह्याच्या बोटीला इंजिन कशाला पायजे भाऊ?" त्याला काय उत्तर द्यावं ते मला तेव्हाही सुचलं नाही.

पावसाळ्यात जूनपासून दसऱ्यापर्यंत आम्ही बंद असतो. २०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशात संजय सरोवर धरणाचं पाणी सुटलं आणि वैनगंगेला जो पूर आला, तो भंडारा ते गडचिरोली सगळ्यांना आठवतो. गोसीखुर्दची ३३ च्या ३३ दारं उघडली होती. आमच्या बोटी आधीच नव्या गावठाणात झाडाला उलट्या बांधलेल्या. टाळेबंदीमुळं त्या वर्षी गिऱ्हाईक नव्हतंच, म्हणून नुकसान झालं ते फक्त हप्त्यांचं.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात वरुड तालुक्यात वर्धा नदीत नाव उलटून अकरा जण गेले, एकाच कुटुंबातली आणि नात्यातली माणसं. २०२४ च्या जानेवारीत चामोर्शी तालुक्यात वैनगंगेत मिरची तोडायला निघालेल्या बायकांचा डोंगा उलटला. पहिली माणसं दशक्रियेसाठी जमलेली, दुसरी मजुरीला निघालेली. त्यांना जॅकेट द्यायला काठावर कोणी उभं नव्हतं. तेव्हापासून आमच्याकडचे जुने पण चांगले जॅकेट आम्ही पलीकडं शेतावर जाणाऱ्या बायांना देतो. घालतात का? निम्म्या घालतात, बाकीच्या टोपलीखाली ठेवतात. बायको त्यांच्याशीही भांडते.

आमच्याकडून जाणारे पुष्कळ जण पुढं कोकणात तारकर्ली-देवबागला जातात आणि तिथं बोट घेताना काय पाहावं ते विचारतात. तर भरतीची वेळ विचारा आणि परतायची वेळ त्यावरून ठरवा. कर्ली नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी लाटा फुटतात, तिथं स्वतः वल्हवत जाऊ नका. वारा जमिनीकडून समुद्राकडं असेल तर जाताना फार सोपं वाटतं, आणि नेमका तोच वारा परतताना रडवतो. जून-जुलैत कोणी स्वस्तात नेतो म्हणाला तर बसू नका. त्या भागात २६ मे ते ३१ ऑगस्ट जलक्रीडा बंद असतात आणि त्याला कारण आहे.

बोटीवर घर चालतं का, असं नातेवाईक विचारतात. पूर्ण नाही. तासाला चारशे रुपये बोटीमागं, त्यात वाऱ्याचे दिवस, इकॉर्नियाचे दिवस, पावसाळा वजा करा. बाकी वर्ष जाळं आणि उरलेलं थोडं धान. हिवाळ्यात चक्रवाक येतात तेव्हा पक्षी पाहणारी मंडळी येतात, ती खरी आवडती. पहाटे येतात, बोलत नाहीत, उभी राहत नाहीत.

सध्या अडचण आहे ती बोटीत चढण्याची. आमच्याकडं आजवर जे काही लागलं-खरचटलं ते पाण्यात नाही, काठावर. एक पाय चिखलात, एक पाय बोटीत, आणि बोट सरकली. पातळी वरखाली होत असल्यानं पक्का घाट बांधून उपयोग नाही, तरंगता धक्का हवा. प्लास्टिकचे दोनशे लिटरचे ड्रम आणून ठेवलेत, लोखंडी चौकट कुहीच्या वेल्डरकडं दिली आहे आणि तो लग्नसराईच्या मंडपांत अडकला आहे. दसऱ्याच्या आधी झाली तर ठीक. नाही तर यंदाही फळी टाकूनच चढवावं लागेल, आणि फळी धरायला वहिनी उभी असेलच.